जुनें नाणें : मोल आणि ओळख

दिवाळींत लक्ष्मीपूजनाच्या सायंकाळीं महाराष्ट्रांतील पुष्कळ घरांत कपाटाच्या तळाशीं ठेवलेली एक जुनी थैली बाहेर निघते. तींत पांच-दहा चांदीचे रुपये असतात. कोणी राणीछाप, कोणी राजाछाप; त्यांच्या सोबतीला एखादा तांब्याचा ओबडधोबड तुकडा किंवा भोंकाचा पैसा. हीं सर्व नाणीं चिंचेच्या कोळानें घासून लखलखीत करतात, त्यांवर हळदकुंकू वाहतात, आणि दुसऱ्या दिवशीं थैलीचें तोंड पुन्हां वर्षभरासाठीं बांधून टाकतात. त्या नाण्यांवर कोणाचें नांव आहे, तीं कोणत्या सालीं आणि कोणत्या टांकसाळींत पाडलीं, याची चौकशी घरांतील मंडळी सहसा करीत नाहींत.

ही ओळख करून न घेतल्याचा परिणाम थैली विकावयाची वेळ येते तेव्हां दिसून येतो. घरांतील वडीलधारे निवर्ततात, भाऊ वेगळे होतात, आणि वांटणींत ती थैली पुढें येते. अशा वेळीं दोन प्रकारच्या चुका घडतात. कोणी ती सराफाच्या तागडींत रिकामी करतो आणि चांदीच्या दरानें जें हातीं येईल तें घेऊन मोकळा होतो. तींत एखादें दुर्मिळ नाणें असलें तर तेंही इतर मोडीबरोबर मुशींत जातें. दुसरा कोणी, जुन्या नाण्यांना लाखों रुपये मिळतात असें कोठें तरी ऐकून, अगदीं सामान्य नाण्यावर मनोराज्यें रचतो आणि शेवटीं एखाद्या ठकाच्या हातीं सांपडतो. या दोघांनाही उपयोगी पडेल असा उपाय एकच आहे, तो म्हणजे विकण्यापूर्वीं नाणें वाचावयास शिकणें. नाणीं जमविण्याच्या छंदाचा आरंभही येथूनच होतो.

नाणें जितकें जुनें तितकें तें मोलाचें, हा समज सार्वत्रिक आहे. पण बाजारांतील अनुभव तसा नाहीं. राणी व्हिक्टोरियाच्या कारकीर्दींतील १८६२ सालचा रुपयाच घ्या. हें साल एकदां ठशावर चढलें तें पुढें दहा-बारा वर्षें तसेंच राहिलें. रुपये दरवर्षीं नवे पडत, पण त्यांवरील साल १८६२ हेंच असे. कोणता रुपया कोणत्या वर्षींचा, हें अभ्यासकांस बारीक टिंबांच्या संख्येवरून ताडावें लागतें. साहजिकच या सालाचे रुपये विपुल आहेत, आणि त्यांतील बहुतेकांना चांदीच्या भावाहून फार अधिक किंमत येत नाहीं. सहाव्या जॉर्जचा १९३९ सालचा रुपया त्याहून सुमारें पाऊणशें वर्षांनीं लहान. तरी त्याच्यासाठीं संग्राहक मोठी किंमत मोजतात. याचें कारण असें. १८३५ पासून रुपया एक तोळा, म्हणजे ११.६६ ग्रॅम वजनाचा असे, आणि त्यांत बारा भागांपैकीं अकरा भाग चांदी असे. दुसरें महायुद्ध सुरू झाल्यावर, १९४० मध्यें, चांदीचें हें प्रमाण निम्म्यावर आणण्यांत आलें. जुन्या कसाचे, १९३९ हें साल असलेले रुपये लोकांच्या हातीं फारच थोडे पोंचले. म्हणूनच असा रुपया कोणी पुढें केला कीं जाणता मनुष्य प्रथम भिंग काढतो आणि शेवटचा नऊचा आंकडा मूळचा आहे, कीं आठाचा कोरून नऊ केलेला आहे, हें पाहतो.

दुर्मिळता कधीं कधीं केवळ एका विचित्र प्रसंगानेंही येते. १९११ सालीं पांचव्या जॉर्जचा पहिला रुपया पाडण्यांत आला. त्यावर राजाच्या झग्यावरील मानचिन्हांत एक लहानसा हत्ती कोरलेला होता. परंतु त्याची सोंड इतकी आंखूड उतरली कीं लोकांना तो हत्ती न वाटतां डुक्कर वाटला. तक्रारी उठल्या, रुपये परत घेण्यांत आले, त्यांतील बहुतेक वितळविण्यांत आले, आणि १९१२ पासून हत्तीची आकृति सुधारून नवे रुपये निघाले. परत न गेलेले जे थोडे रुपये राहिले त्यांना संग्राहकांत ‘डुकराचा रुपया’ असेंच नांव पडलें आहे. १९११ आणि १९१२ या दोन सालांच्या रुपयांत चांदी सारखी, वजन सारखें. किंमतींत मात्र मोठें अंतर.

याच्या उलट एक उदाहरण बहुतेक घरांत आढळतें. १९४७ सालचा वाघाचें चित्र असलेला रुपया चांदीचा समजून जपून ठेवलेला असतो. तो चांदीचा नसून निकेलचा आहे. लोहचुंबक जवळ नेतांच तो चटकन चिकटतो. चांदी चिकटत नाहीं. एवढ्या साध्या परीक्षेनें पुष्कळ गैरसमज दूर होतात.

मोल ठरविणारी दुसरी गोष्ट म्हणजे नाण्याची स्थिति. चिंच, राख, लिंबू किंवा पितळेचीं भांडीं घासावयाची भुकटी यांनीं नाणें उजळतें खरें, पण त्याबरोबर राजाच्या केसांच्या रेषा, वेलबुट्टीचीं पानें, अक्षरांच्या कडा घासून जातात. वर्षानुवर्षें हवेनें चढलेला काळसर किंवा तपकिरी थर हा मळ नव्हे. तो धातूचें रक्षण करतो आणि नाण्याच्या अस्सलपणाची साक्षही देतो. घासलेलें नाणें पाहिलें कीं जाणत्या ग्राहकाची बोली तेथल्या तेथें खालीं येते, आणि गेलेला थर पुन्हां कोणत्याही उपायानें परत येत नाहीं. पूजेसाठीं चार सामान्य रुपये वेगळे काढून ठेवावेत. त्यानें लक्ष्मीची अवकृपा होण्याचें कारण नाहीं. बाकीचीं नाणीं कडेनें धरावींत, कोरड्या कागदी पाकिटांत एकेक वेगळें ठेवावें. मऊ प्लास्टिकच्या स्वस्त पाकिटांतून कालांतरानें चिकट हिरवट द्रव सुटतो आणि नाणें खातो, म्हणून तीं टाळावींत.

दागिन्यांत गेलेल्या नाण्यांचीही हीच गोष्ट आहे. व्हेनिसचीं सोन्याचीं नाणीं एके काळीं व्यापाराच्या मार्गानें या देशांत पुष्कळ येत. त्यांवरील मनुष्याकृतींवरून त्यांना ‘पुतळी’ हें नांव मिळालें आणि पुतळ्यांची माळ हा मराठी स्त्रियांचा आवडता अलंकार ठरला. परंतु ज्या नाण्याला कडीचा डाग बसला त्याचें संग्राहकाच्या दृष्टीनें मोल उतरतें. शिवाय सोनारांनीं घडविलेल्या पुतळ्याही असंख्य आहेत. माळेंतील पुतळी अलंकार म्हणून अनमोल असेल. तिला नाणें म्हणून विकावयास काढण्यापूर्वीं ती जाणकारास दाखवावी.

आतां त्या तांब्याच्या ओबडधोबड तुकड्याकडे वळावयास हरकत नाहीं. महाराष्ट्रांतील जुन्या घरांत तो बहुधा शिवराई असतो. १६७४ मध्यें रायगडावर राज्याभिषेक झाला त्या वेळीं शिवाजी महाराजांनीं सोन्याचा होन आणि तांब्याची शिवराई हीं स्वतःचीं नाणीं सुरू केलीं. एका बाजूस ‘श्री राजा शिव’ आणि दुसऱ्या बाजूस ‘छत्रपति’ हीं अक्षरें, आणि त्यांभोंवतीं बारीक टिंबांचें वर्तुळ. मोंगलांच्या नाण्यांवर फारसी लेख असे, त्या काळांत हीं नागरी अक्षरें म्हणजे नव्या राज्याची जाहीर घोषणाच होती. होन आज अत्यंत दुर्मिळ आहे, पण शिवराई पुढें पिढ्यान् पिढ्या पाडली गेली आणि पेशवाई बुडाल्यावरही खेड्यापाड्यांतून चालत राहिली. ठसे कोरणारे कारागीर निरनिराळे. त्यामुळें कोणी ‘शिव’ कोरलें, कोणी ‘सिव’, कोणी ‘सीव’. उत्तरकाळांतील एका प्रकारावर ‘छत्र’ आणि ‘पति’ यांच्यामध्यें दोन आडव्या रेघा आहेत, म्हणून तिला ‘दुदांडी’ शिवराई म्हणतात. ठसा मोठा आणि तांब्याचा तुकडा लहान, यामुळें एका नाण्यावर सगळीं अक्षरें क्वचितच उतरतात. चार नाणीं शेजारीं ठेवावीं तेव्हां एक लेख पुरा होतो. साधी शिवराई फार महाग नसते. परंतु तिचे भेद लावतां लावतां एखाद्या शाळकरी मुलाची सबंध सुटी आनंदांत जाऊं शकते.

या छंदाला पैसा लागतो, हाही एक गैरसमजच आहे. आरंभ खिशांतील मोडीपासून करतां येतो. आजच्या नाण्यांवर सालाच्या खालीं एक लहान खूण असते. चौकट-इस्पिकांतील चौकटीसारखी खूण असली तर नाणें मुंबईचें, चांदणी असली तर हैद्राबादचें, वाटोळा ठिपका असला तर नोएडाचें, आणि कांहींच खूण नसली तर कलकत्त्याचें. १ एप्रिल १९५७ रोजीं आणे-पै जाऊन शंभर पैशांचा रुपया झाला, तेव्हांचीं ‘नये पैसे’ असें लिहिलेलीं नाणीं अजून कित्येकांच्या खणांत पडलीं आहेत. १९६४ मध्यें पंडित नेहरूंच्या स्मरणार्थ निघालेल्या नाण्यापासून स्मारक नाण्यांची परंपरा सुरू झाली. ३० जून २०११ पासून पंचवीस पैसे व त्याखालील नाणीं चलनांतून गेलीं. ज्या घरांत मुलें आहेत त्या घरीं एवढ्या साहित्यावर एक भिंग, एक नाजूक तराजू आणि एक वही दिली कीं संग्रह उभा राहतो.

तराजू आणि वही यांचें महत्त्व किती असतें तें दामोदर धर्मानंद कोसंबी यांनीं दाखवून दिलें. ते मूळचे गोव्याचे आणि पेशानें गणिती. पुण्यास फर्ग्युसन कॉलेजांत शिकवीत असतां त्यांनीं प्राचीन आहत नाण्यांच्या वजनांचा अभ्यास आरंभिला. हातोहात फिरणारें नाणें वर्षागणिक झिजतें, मग वजनांतील घटीवरून नाण्यांचा काळक्रम लावतां येईल काय, असा त्यांचा प्रश्न होता. झिजेचा नियम समजावा म्हणून त्यांनीं चलनांतील हजारों आधुनिक नाणींही एकेक करून तोललीं, आणि तो नियम तक्षशिलेस सांपडलेल्या नाण्यांच्या साठ्यांना लावून पाहिला. ज्या नाण्यांवर ना राजाचें नांव ना साल, त्यांचा क्रम त्यांनीं असा तोलून लावला. छंदांतील चिकाटीला शास्त्राची जोड मिळाली म्हणजे काय होतें याचें हें उत्तम उदाहरण आहे.

जेथें आवड तेथें बाजार, आणि जेथें बाजार तेथें लबाडी हा क्रम ठरलेलाच. यात्रेच्या ठिकाणीं मिळणारे रामपंचायतनाचे तुकडे पुष्कळ घरीं नाणीं म्हणून जपलेले असतात. हीं नाणीं नव्हेत. हे ‘रामटंके’ पूजेसाठीं किंवा आठवणीसाठीं केलेले असतात. त्यांतील एका प्रकारावर ईस्ट इंडिया कंपनीचें नांव, १८१८ हें साल आणि ‘अर्धा आणा’ असा लेखही असतो. कंपनीच्या खऱ्या अर्ध्या आण्यावर राम-लक्ष्मण किंवा मारुति मुळींच नाहींत. शिवाजी महाराजांच्या होनाच्या नकलाही बाजारांत आहेत. खरें नाणें दोन ठशांमध्यें धातूची चकती ठेवून घाव घालून पाडलेलें असतें; त्याचीं अक्षरें धारदार असतात. साच्यांत ओतलेल्या नकलेचीं अक्षरें गुळगुळीत असतात, पृष्ठभागावर सुईच्या अग्राएवढे खळगे दिसतात, कडेला सांधा आढळतो, आणि वजन बहुधा चुकतें. नाणें वाजवून घेणें हा वाक्प्रचार जुन्या पारख्यांनींच भाषेला दिला. तरी दुर्मिळ नाणें दगडावर आपटून पाहण्याचा मोह कोणी धरूं नये. तराजू आणि भिंग हींच परीक्षेचीं सुरक्षित साधनें होत.

मोबाइलवरील जाहिरातींनीं या लबाडीला नवें क्षेत्र मिळवून दिलें आहे. वैष्णोदेवीचें चित्र असलेल्या २०१२ सालच्या पांच किंवा दहा रुपयांच्या नाण्याला लाखों रुपये मिळतात, अशी आवई मधून मधून उठते. हीं नाणीं विपुल पाडलेलीं आहेत आणि त्यांना तसली किंमत येण्याचें कारण नाहीं. अशा जाहिरातीला भुलून कोणी उत्तर पाठविलें कीं, तुमचें नाणें घेण्याचें ठरलें आहे, फक्त नोंदणीचे किंवा कराचे अमुक रुपये आधीं पाठवा, असा निरोप येतो. आवळा देऊन कोहळा काढण्याचाच हा प्रकार. कित्येक ठक तर रिझर्व्ह बँकेचें नांव आणि बोधचिन्ह पुढें करतात. ऑगस्ट २०२१ मध्यें रिझर्व्ह बँकेनें स्वतःच खुलासा केला कीं, जुन्या नाण्यानोटांच्या खरेदीविक्रीशीं बँकेचा संबंध नाहीं आणि त्यासाठीं ती कोणतेंही शुल्क किंवा दलाली मागत नाहीं. खरा ग्राहक पैसे देतो. विकणाऱ्याकडून आधीं पैसे मागणारा ग्राहकच नव्हे, एवढी एक खूणगांठ बांधली तरी पुरे.

मग प्रामाणिक विक्री कशी करावी? प्रथम नाण्याचें टिपण करावें: धातु, वजन, व्यास, दोन्ही बाजूंचा लेख, साल, टांकसाळीची खूण, आणि दोषही. भोंक, डाग, घासल्याच्या रेषा लपवूं नयेत. जाणत्या ग्राहकापासून त्या लपतही नाहींत. नंतर तसल्याच नाण्याला मागील लिलावांत काय मिळालें तें पाहावें. मागितलेली किंमत आणि मिळालेली किंमत यांत फार अंतर असतें. जाहिरातींतील आंकडे मागितलेल्या किंमतीचे असतात. एका व्यापाऱ्यास दाखवून थांबूं नये; दोघां-तिघांचें मत घ्यावें. व्यापारी ज्या भावानें विकतो त्याच भावानें विकत घेईल अशी अपेक्षा करणेंही योग्य नाहीं, कारण त्याचें भांडवल त्या नाण्यांत कित्येक महिने अडकून पडतें. लिलावांत दिल्यास दलाली किती आणि पैसे केव्हां मिळणार, हें लेखी ठरवून घ्यावें. शंभर वर्षांहून जुनीं नाणीं १९७२ च्या कायद्याप्रमाणें पुरावस्तु ठरतात. तीं खाजगी व्यक्तीला परदेशीं विकावयास पाठवितां येत नाहींत, आणि त्यांचा व्यापार करणाऱ्यास परवाना लागतो. तो आहे कीं नाहीं हें विचारण्यांत संकोच धरूं नये.

विक्री म्हणजे छंदाचा शेवट, असेंही नाहीं. जाणते संग्राहक दुबार नाणीं विकून किंवा बदलून त्या पैशांत एखादें उणें असलेलें नाणें मिळवितात. अशा देवघेवीमुळें संग्रह वाढतो, आणि त्याहून महत्त्वाचें म्हणजे परीक्षा वाढते. ज्यानें एकदां तरी स्वतःच्या पैशानें नाणें घेतलें आणि पुन्हां विकलें, त्याची दृष्टि केवळ पुस्तकें वाचणाऱ्यापेक्षां अधिक तीक्ष्ण होते.

परंतु एक प्रकारचीं नाणीं अशीं आहेत कीं तीं सुटीं सुटीं विकणें म्हणजे इतिहासाचें पान फाडणें होय. शेत नांगरतांना किंवा घराचा पाया खणतांना जमिनींत पुरलेलें भांडें सांपडतें, त्यांतील नाणीं हीं होत. १८७८ च्या निखात-निधीच्या कायद्यानें दहा रुपयांहून अधिक मोलाचा असा ठेवा सांपडल्यास कलेक्टरास कळविणें बंधनकारक केलें आहे. सरकारनें तो ठेवा स्वतःकडे घेतल्यास मोबदला देण्याची तरतूदही त्या कायद्यांत आहे. तरीसुद्धां भीतीनें किंवा लोभानें कित्येक ठेवे रातोरात फुटतात आणि मुशींत जातात.

त्यांत काय बुडतें याची कल्पना जोगलटेंभीच्या ठेव्यावरून येईल. नाशिक जिल्ह्यांतील या गांवीं १९०६ मध्यें चांदीच्या नाण्यांचा प्रचंड साठा सांपडला. नाणीं तेरा हजारांहून अधिक होतीं, आणि तीं सर्व क्षहरात वंशांतील नहपान या राजाचीं होतीं. त्यांतील सुमारें दोन-तृतीयांश नाण्यांवर नहपानाच्या मुखवट्यावरच दुसरा ठसा उमटविलेला दिसला: एका बाजूस कमानींच्या पर्वताचें चिन्ह, दुसऱ्या बाजूस उज्जयिनी-चिन्ह, आणि गौतमीपुत्र सातकर्णीचें नांव. नाशिकच्या लेण्यांतील बलश्रीच्या लेखांत तिच्या पुत्रानें क्षहरातांचा उच्छेद केला असें म्हटलेलें आहे. तो केवळ आईनें केलेला गौरव, कीं घडलेली गोष्ट, अशी शंका घ्यावयास जागा होती. पराभूत राजाचें चलन गोळा करून त्यावर जेत्यानें स्वतःची मुद्रा मारल्याचा हा पुरावा समोर येतांच त्या लेखाला भक्कम आधार मिळाला. रेव्हरंड स्कॉट यांनीं हीं नाणीं तपासून त्यांचें वर्णन रॉयल एशियाटिक सोसायटीच्या मुंबई शाखेच्या नियतकालिकांत प्रसिद्ध केलें. यांतील एकेक नाणें म्हणजे सुमारें दोन ग्रॅम चांदी. पन्नास सराफांच्या दुकानीं तीं वांटलीं गेलीं असतीं, तर शेतकऱ्याला चार पैसे मिळाले असते. किती नाण्यांवर दुसरा ठसा आणि किती त्यावांचून, हें प्रमाण मात्र कोणालाही कधींच कळलें नसतें.

हाच नियम लहान प्रमाणांत घरच्या थैलीलाही लागू आहे. नाणें कोणाकडून आलें, कोणत्या गांवीं सांपडलें, त्याच्याबरोबर आणखी कोणतीं नाणीं होतीं, हें ज्याला ठाऊक असतें तो मनुष्य गेला कीं ती माहितीही जाते. म्हणून प्रत्येक नाण्याच्या पाकिटांत एक चिठ्ठी घालावी आणि तीवर वजन, लेख, मिळाल्याचें ठिकाण आणि तारीख शाईनें लिहावी. पुढें तें नाणें विकावयाचें झालें तर ही चिठ्ठी त्याची किंमत वाढवील. नाणें संग्रहालयास द्यावयाचें झालें तर तेथील अभ्यासकांना ती नाण्याइतकीच हवीशी वाटेल. आणि तें मुलांनातवंडांकडे गेलें तर सराफाच्या दुकानाची पायरी चढण्यापूर्वीं तीं ही चिठ्ठी वाचतील. या कामाला खर्च नाहीं, फुरसतीचा एक रविवार पुरतो, आणि घरांतील वडील मंडळींना आठवतें आहे तोंवरच तें होण्यासारखें आहे.